डावी पट्टी मागे राहते

आमच्याकडं हळू बोलणाऱ्या माणसाचा संशय येतो. कोल्हापुरात भाजी घेताना, भांडताना, पाहुण्याला आग्रह करताना आवाज एकच, वरचा. दबक्या आवाजात बोलणारा कुणाची तरी चहाडी करतोय, नाहीतर त्याच्या पोटात काहीतरी काळंबेरं आहे, असं लोक धरून चालतात. मी याच गावात वाढले आणि नोकरीही आवाजाचीच मिळाली. हातकणंगले तालुक्यातल्या एका मुलींच्या शाळेत मी खेळाची शिक्षिका होते. सकाळच्या कवायतीला मला कधी माईक लागला नाही. मी "सावधान" म्हटलं की मैदानापलीकडच्या रस्त्यावर सायकलवरून चाललेला माणूससुद्धा ताठ होतो, असं आमचे मुख्याध्यापक पाहुण्यांना सांगायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू.

घरात मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंना सगळे अव्वा म्हणायचे, मीही. त्यांचं माहेर सीमेजवळच्या कानडी गावातलं, आणि लग्नानंतरची सगळी उमर इचलकरंजीत गेली. मुलं मोठी होईपर्यंत त्या यंत्रमागाच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरत होत्या. कान तिथंच गेले. माग चालवणारी माणसं म्हणे एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात, पण अव्वांचं काम मान खाली घालून करायचं होतं, त्यांना ती कला आली नाही. नवऱ्यानं त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं होतं. चार दिवस घातलं आणि डबीत ठेवून दिलं. "कानात घाटलं की आख्खी शेड चालू हुतीया बघ," म्हणाल्या.

त्यांना घरात नीट कळायचं ते फक्त माझं बोलणं. नवरा कानाशी जाऊन ओरडायचा तरी त्या "आँ?" करायच्या. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "अव्वा, भाकरी का भात?" की बाहेरच्या खोलीतून लगेच उत्तर, "भातच टाक, दात दुखतोय." संध्याकाळी आम्ही दोघी टीव्हीवर मालिका बघायचो. पात्रं बोलली की मी तेच मोठ्यानं परत सांगायचे. कधी कंटाळा आला तर मनाचं घालायचे. मालिकेतल्या सासूच्या तोंडी मी असली वाक्यं घालायचे की अव्वा पदर तोंडाला लावून हसायच्या आणि म्हणायच्या, "अशी न्हाई बोलली ती. तू बोललीस." आमचं सासू-सुनेचं नातं काही गोडगोड नव्हतं. त्या जिभेच्या तिखट होत्या आणि मीही काही कमी नव्हते. पण आम्ही दिवसभर एकमेकींशी बोलायचो, एवढं खरं.

गळ्यात गाठ आली ती मला केस विंचरताना आरशात दिसली. थायरॉइडची गाठ निघाली. तपासण्या झाल्या, कॅन्सर नाही असं कळलं, पण गाठ वाढत होती, काढलेली बरी असं ठरलं. ज्यांच्याकडं गेलो ते सर्जन शहरात नावाजलेले. त्यांच्या केबिनबाहेर खुर्च्या कमी पडतात. मी त्यांना एकच प्रश्न विचारला. "सर, माझं सगळं काम आवाजावर चालतंय. आवाजाला काय होणार नाही ना?"

ते कागदावर काहीतरी लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "असली ऑपरेशनं मी रोज करतो, बाई."

माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं हे मला फार उशिरा कळलं. त्या वेळी धीर आला.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. जखम भरली, गळ्यावर एक बारीक आडवी रेघ राहिली. घरात बोलताना आवाज थोडा जाड वाटायचा. सूज असेल असं मला वाटलं. रजा संपवून मैदानावर गेले, मुली ओळीत उभ्या होत्या, मी छाती भरून श्वास घेतला आणि "सावधान" म्हटलं. "साव" निघालं आणि पुढचं फाटलं. फाटलं म्हणजे आवाज वर चढायच्या ठिकाणी गेला आणि तिथं पायरीच नव्हती. पुढच्या रांगेतल्या मुली हसल्या. मीही हसले. परत म्हटलं, परत तेच. तिसऱ्या तासापर्यंत नुसती हवा येत होती.

सर्जनकडं गेले. त्यांनी नाकातून नळी घालून पाहिलं. "दोन्ही पट्ट्या छान हलतात. नस शाबूत आहे. येईल आवाज, घाई करू नका." पावसाळा गेला, दिवाळी झाली, आवाज काही आला नाही. खाली एका पट्टीत गुरगुरल्यासारखं बोलता यायचं, तेही दुपारपर्यंत. वर जाता येत नव्हतं, लांब पोचवता येत नव्हतं. परत गेले तेव्हा ते जरा वैतागले. "दोन्ही हलतात म्हणून सांगितलं की मी तुम्हाला."

मग नवऱ्याच्या ओळखीतून एका दुसऱ्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांच्याकडं लुकलुकणाऱ्या दिव्याचं यंत्र होतं. त्यांनी समजावलं की बोलताना गळ्यातल्या दोन पट्ट्या एका सेकंदात शेकडो वेळा एकमेकींवर आपटतात, डोळ्याला ते दिसत नाही, पण दिव्यानं जवळपास त्याच गतीनं उघडझाप केली की संथपणे दिसतं. त्यांनी जीभ धरली, तोंडातून कांडी आत घातली, गळ्यावर एक छोटा माईक दाबला आणि म्हणाले, "ई म्हणा. लांब. एकसारखा." मी म्हटलं. पडद्यावर नुसतं थरथरणारं गुलाबी धुकं. "एकसारखा, एकसारखा," ते म्हणत राहिले. मला एकसारखा काढता येत असता तर मी तिथं कशाला गेले असते? शेवटी त्यांनी कांडी काढली, हातमोजे काढले आणि म्हणाले, "पट्ट्यांवर गाठ नाही, सूज नाही. हालचाल आहे. यंत्राला तुमचा आवाज पकडता येत नाही, कारण तुम्ही ताण घेताय. दोष नाही. याला आम्ही फंक्शनल म्हणतो."

बाहेर आल्यावर नवऱ्यानं परत आत जाऊन त्यांना फंक्शनलचा अर्थ विचारला. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सीएनसी मशीनवर काम करतो. गाडीला किक मारताना त्यानं मला आपल्या भाषेत सांगितलं, "मशीन ओके हाय म्हणायलेत. ऑपरेटरच खराब हाय."

त्याला ते वाक्य फार आवडलं. त्यानं ते घरी आलेल्या मित्राला सांगितलं, माझ्या भावाला फोनवर सांगितलं. मी भांडायला लागले आणि मध्येच आवाज बसला की हसून म्हणायचा, "ऑपरेटर, ऑपरेटर." मारहाण करणारा, दारू पिणारा माणूस नाही तो. महिन्याच्या महिन्याला घर चालवतो. पण दोन डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलंय आणि बायको काहीतरी आहे म्हणते, यात बायकोचं खरं धरावं असं त्याला एकदाही वाटलं नाही.

अव्वांना तर काय झालंय तेच कळेना. ऑपरेशन झालं हे त्यांनी पाहिलं होतं. जखम भरली हेही पाहिलं होतं. मग सून बोलत का नाही? मी त्यांच्यासमोर बसून जोर लावून बोलायचे, माझ्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, आणि त्या माझ्याकडं बघत बसायच्या. हातवारे करून सांगितलं, गळ्याला हात लावून दाखवलं. नवऱ्यानं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, "तिचा आवाज गेलाय!" तिसऱ्यांदा ओरडल्यावर त्यांना ऐकू आलं आणि त्यांनी विचारलं, "मग तुझ्यासंग कशी बोलतीया?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. नवऱ्याशी मी बोलत होते, त्याला ऐकू येत होतं. फोनवर बोलताना माझे ओठ हलताना त्यांना दिसत होते. त्यांच्यापुरतीच मी मुकी होते.

एक कमरेला बांधायचा छोटा स्पीकर मिळतो, शिकवणीवाले वापरतात तसला. तो आणला. त्यातून माझा आवाज मोठा झाला, पण स्पष्ट झाला नाही. घोगरा होता तो मोठा घोगरा झाला. अव्वांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "काय फटफट लावलीयास? बंद कर ते." अव्वांना लिहायला-वाचायला येत नव्हतं, त्यामुळं कागदावर लिहून दाखवायचाही मार्ग नव्हता. हळूहळू मालिका बघताना त्या माझ्या शेजारी बसेनाशा झाल्या. मग एक दिवस मागच्या दारात शेजारणीला सांगताना मी त्यांना ऐकलं. बहिऱ्या माणसांना आपण हळू बोलतोय असं वाटतं, पण ते गल्लीभर ऐकू जातं. "सून बोलंना झालीया माझ्यासंग. काय चुकलं माझं, सांगंना बी झालीया. आपरेशनाचं निमित्त करतीया."

मी आत भांडी घासत होते. बाहेर जाऊन काही सांगायचं तर कुठल्या तोंडानं सांगणार होते?

शाळेत मी शिट्टीवर काम चालवत होते. शिट्टीला आवाज लागत नाही, फुंकर लागते. एक शिट्टी सावधान, दोन विश्राम, हाताच्या खुणा. मुलींनी दोन आठवड्यांत सगळं शिकून घेतलं. त्या मला सांभाळून घेत होत्या आणि मीही त्यांना. मुख्याध्यापकांना मी शब्द दिला होता की तालुका स्पर्धेपर्यंत काही अडचण येणार नाही.

मग गोळाफेकीच्या सरावाला ते झालं. थोराड अंगाची, चांगली ताकदीची एक मुलगी वर्तुळात उभी होती. गोळा खांद्याला लावून तिनं गिरकी घेतली आणि त्याच वेळी पाचवीतली एक मुलगी आपला चेंडू आणायला पळत मैदानात आली. मला दोघी दिसल्या. मी सगळा जीव लावून ओरडले. तोंड उघडलं, पोट आत गेलं, आणि आवाज निघाला नाही. काहीच निघालं नाही. गोळा त्या पोरीच्या पायाशी, एक हात अंतरावर पडला आणि मातीत रुतला. पोरीनं त्याच्याकडं बघितलं, चेंडू उचलला आणि पळत गेली. तिला काय टळलं हे तिला कळलंसुद्धा नाही.

शिट्टी माझ्या गळ्यातच होती. पण धोका दिसला की माणूस ओरडतं, शिट्टी शोधत नाही. मी तिथंच मातीत खाली बसले.

संस्थेचे एक पदाधिकारी त्या वेळी व्हरांड्यात चहा घेत होते. त्यांनी सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. "पोरीचं काय बरंवाईट झालं असतं तर आम्ही तिच्या बापाला काय सांगणार होतो?" त्यांनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, आणि या वेळी ते आवाज नव्हता म्हणून नव्हे. त्यांचं बरोबर होतं. मी म्हटलं, "सर, मला नसेचा त्रास आहे, ऑपरेशनमध्ये काहीतरी झालंय." त्यांनी माझ्याच फाईलमधला त्या दुसऱ्या डॉक्टरांचा रिपोर्ट पुढं केला. रजेसाठी मीच तो जोडला होता. "यात तर दोष नाही असं लिहिलंय की हो. मग तुम्ही ओरडला का नाही?"

मला ग्रंथालयात बसवलं. मैदानावर कंत्राटावर एक तरुण घेतला. तो संस्थेतल्याच कुणाच्या तरी नात्यातला होता, पण ते सांगून मी माझी बाजू भक्कम करणार नाही. त्याचा आवाज चांगला होता. ग्रंथालयाच्या खिडकीतून मला रोज सकाळी तो ऐकू यायचा.

त्याच सुमारास इचलकरंजीहून नणंद आली. तिला आम्ही अक्का म्हणतो. तिनं आईच्या कानाशी ओरडून दोन प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि अव्वांची पिशवी भरायला घेतली. नवरा म्हणाला, "अगं, आठ दिवस राहून यील की." अक्का म्हणाली, "आठ दिवस कशाला? हितं भिंतीसंग बोलत बसायचं तर तिकडं माझ्या पोरांसंग बसंल." जाताना मी अव्वांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "काय मनात धरलीयास ते सोडून दे," म्हणाल्या. रिक्षा वळेपर्यंत मी दारात उभी होते.

गळ्यात बघायच्या एका नव्या कॅमेऱ्याचं मला आमच्याच शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं. कुठल्याशा मोठ्या शहरातली एक संशोधक मुलगी कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात तो घेऊन आली होती, शिक्षकांच्या आवाजाचा अभ्यास करायला. सगळ्या शिक्षकांना बोलावत होती, आवाज चांगला असो वा वाईट. मी गेले ती काही आशा धरून नव्हे. शनिवारची दुपार होती, घर रिकामं होतं, आणि रिकाम्या घरात मला बसवत नव्हतं.

मी ट्रॅकसूट घालून गेले होते, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. त्या रेघेकडं लोक बघतात म्हणून मी तशीच वावरायचे. त्या मुलीनं घशात फवारा मारला, घसा जड झाला. कापडानं जीभ धरली आणि कांडी आत घातली. "मॅडम, ई म्हणा. जसा येतोय तसा. एकसारखा नको, चांगला नको. जसा येतो तसाच." इतक्या दिवसांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी माझा फाटका ई काढला. दोन सेकंदांत तिनं कांडी बाहेर काढली. "झालं," म्हणाली.

"एवढंच?"

"एवढं पुरतं. आता बघायला वेळ लागेल." ती हसली. तिनं सांगितलं की हा कॅमेरा सेकंदाला हजारो चित्रं काढतो. लुकलुकणारं यंत्र आवाजाच्या तालावर चालतं, आवाजालाच ताल नसला तर ते चुकतं. हा कॅमेरा तालाची वाट बघत नाही. प्रत्येक आपट वेगवेगळी टिपतो. जे दोन सेकंद मी बोलले ते सावकाश बघायला कितीतरी मिनिटं लागतात.

मी आपलं पडद्याकडं बघत बसले. काळंपांढरं चित्र. मध्ये एक उभी काळी फट, दोन्ही बाजूंना दोन पांढुरक्या कडा. उजवी कड बाहेर गेली, आत आली. डावी उशिरा निघाली. उजवी मध्यावर येऊन थांबली तेव्हा डावी अजून बाहेरच होती. मग डावी आत आली तेव्हा उजवी निघूनही गेली होती. दोघींची गाठ काही केल्या पडत नव्हती. मध्येच एका फेरीला पडली, आणि पुढच्या फेरीला परत चुकली. मग तिनं तेच दुसऱ्या तऱ्हेनं दाखवलं, आडव्या एका रेघेवरची हालचाल खाली खाली उतरत गेलेली, दोन नागमोडी कडांसारखी. उजवीची वळणं सारखी होती. डावी पसरट, ढिली, मागे पडत गेलेली.

त्या मुलीनं चित्र तिथंच थांबवलं. मग तिनं माझ्याकडं न बघताच विचारलं, "मॅडम, तुमच्या मानेचं कधी ऑपरेशन झालंय का?"

मी चेन खाली ओढली.

मला रडू आलं. आवाज नसलेल्या माणसाचं रडणं फार कुरूप असतं, नुसता श्वास फाटत राहतो. ती घाबरली, पाणी आणून दिलं. मी तिला म्हटलं, "मला आधी हे सांगा, मी नाटक करत नाही ना?" ती म्हणाली, "नाटक? मॅडम, असं करतो म्हटलं तरी कुणाला करता येणार नाही."

मग तिनं समजावून सांगितलं. स्वरयंत्राला प्रत्येक बाजूनं दोन नसा असतात. एक मोठी, तिच्यानं पट्ट्या उघडतात-मिटतात. ती माझी शाबूत असावी, म्हणून सगळ्यांना दोन्ही हलताना दिसत होत्या. दुसरी बारीक, पट्टीला ताण देणारी. थायरॉइडच्या वरच्या टोकाला लागूनच जाते. ती बहुतेक दुखावली असावी. ताणच नाही म्हणून डावी पट्टी ढिली, मागे राहते. खात्री करायची तर सुईची तपासणी मोठ्या शहरात करावी लागेल.

"बरी होईल?"

तिनं माझ्या ऑपरेशनला किती काळ झाला ते विचारलं. मी सांगितलं. तिनं बोटांवर महिने मोजले, आणि त्यातच मला कळलं. "सुरुवातीलाच व्यायाम सुरू झाले असते तर बराच फरक पडला असता," ती म्हणाली. "आताही थोडा पडेल. मैदानावरचा आवाज मात्र..." पुढचं तिनं सोडून दिलं.

मी तिच्याकडं हे सगळं लिहून मागितलं. ती आतल्या खोलीत जाऊन तिच्या वरिष्ठांशी बोलली आणि ओशाळून परत आली. हा अभ्यास आहे, निदानाचा दाखला देता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. शिवाय आधीचे डॉक्टर कोण, हेही त्यांनी विचारलं होतं. नाव कळल्यावर त्यांनी विषय बंद केला. तिनं तेवढी ती चित्रफीत माझ्या फोनमध्ये घालून दिली. "ही तुमचीच आहे, मॅडम," म्हणाली.

नवऱ्यानं ती जेवताना बघितली. तोंडातला घास तसाच ठेवून त्यानं दोनदा बघितली. मशीनवरचा माणूस, त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "डावी साइड लॅग मारतीया," म्हणाला. मग ताटात बघत राहिला. मी वाट बघितली. तो उठला, ताट मोरीत ठेवून आला आणि म्हणाला, "झोप आता." ऑपरेटर हा शब्द त्यानं त्यानंतर कधी काढला नाही. पण तो शब्द ज्यांना ज्यांना सांगितला होता, त्यातल्या कुणालाही त्यानं फोन केला नाही.

सर्जनकडं मी एकटीच गेले. नंबर लावून, सगळ्यांच्या मागं बसून. माझी पाळी आली तोवर सकाळचा आवाज संपत आला होता. मी बोलायला सुरुवात केली. त्यांनी कान पुढं केला. "जरा मोठ्यानं बोला," म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. थट्टा करत नव्हते ते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

मी फोन पुढं केला. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि चित्रफीत लक्ष देऊन बघितली, मला कधी बघितलं नव्हतं तेवढं लक्ष देऊन. "वा. सुंदर आलंय. आपल्याकडं आलं हे मशीन? कुणी केलं?"

"सर, तुम्ही म्हणाला होता दोन्ही हलतात."

"हलतातच की. यातही हलताना दिसतायत." त्यांनी फोन परत दिला. "हे बघा बाई, इतक्या बारकाईनं बघितलं तर निम्म्या गावाच्या गळ्यात काही ना काही सापडेल. तुमची गाठ गेली. तुम्ही जिवंत आहात. आवाज आहे, मला ऐकू येतोय. अजून काय पाहिजे?"

काय पाहिजे ते मला नीट माहीत होतं. त्यांनी "चुकलं" म्हणावं, एवढंच. पण ते सांगायला जेवढा आवाज लागतो तेवढा त्या वेळी उरला नव्हता, आणि नर्सनं पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं होतं.

त्या रविवारी इचलकरंजीला गेले. अक्काचं घर मागांच्या वस्तीतच आहे, दोन्ही बाजूंना शेड. बाहेरच्या माणसाला तिथं स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही. अव्वा कॉटवर बसून शेंगा सोलत होत्या. वाळल्या होत्या. मला बघून त्यांनी जागा करून दिली, मुठीतल्या शेंगा माझ्या हातात ठेवल्या. मला वाटलं, आज होईल. मी शेजारी बसले, फोन काढला, त्यांच्या डोळ्यांजवळ धरला आणि चित्रफीत लावली. माझ्या गळ्याला बोट लावलं, मग पडद्याला. डाव्या कडेवर बोट ठेवलं, ती मागे राहते ते बोटानं दाखवलं. परत गळ्याला लावलं. अक्काच्या मुलीनं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, "मामीच्या गळ्यातलं हाय ते! ह्ये बिघडलंय!"

अव्वा बराच वेळ बघत होत्या. ती फट उघडत होती, मिटत होती. त्यांच्या तोंडावर आधी नवल आलं, मग किळस आली, आणि मग ती गेल्यावर जे आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. दमल्यासारखं काहीतरी. त्यांनी माझा हात हळूच बाजूला सारला.

"बोलायचं नसलं तर नगं बोलू," त्या म्हणाल्या. "पण असली चित्रं कशाला दावतीस मला?"

मी परत एकदा प्रयत्न केला. त्यांनी शेंगांची परात पुढं ओढली आणि सोलायला लागल्या. मी पण सोलू लागले. संध्याकाळच्या गाडीपर्यंत आम्ही सगळ्या शेंगा संपवल्या.

अव्वा त्या थंडीत गेल्या. झोपेतच. आम्ही पोचलो तेव्हा अक्काचं घर बायकांनी भरलं होतं. आमच्याकडं बायका रडताना मेलेल्या माणसाशी मोठ्यानं बोलतात, काय काय केलंस गं, कशी गेलीस गं, असं. प्रत्येक बाईला काहीतरी म्हणायचं असतं आणि सगळ्यांचं लक्ष सुनेकडं असतं. मी त्यांच्या पायाशी बसले होते. माझे ओठ हलत होते. बाहेर माग एक दिवस बंद ठेवले होते, त्यामुळं माझ्याकडून काही येत नाही हे सगळ्यांना ऐकू आलं. मागं कुणीतरी म्हणालं, "शेवटपतूर धरून बसली बघ." नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्याला माहीत होतं. तो काही बोलला नाही.

कार्य उरकल्यावर अक्का आणि मी मागच्या दारात भांडी आवरत होतो. तिच्या मनात माझ्याबद्दल आता राग नव्हता, थकवा होता. तिनं साधंच विचारलं, "आईसंग तुझं शेवटचं काय बोलणं झालं गं?"

"काय न्हाई," मी म्हटलं.

तिला ऐकू आलं नाही. तिनं परत विचारलं. मी मान हलवली आणि पातेलं पालथं घातलं.